बाहेरचा इलेक्ट्रॉन आणि आतले केंद्रक

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेला, मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यान असलेल्या धामणगाव रेल्वे या तालुक्याच्या गावाभोवतीची जमीन आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली व पुढे अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा या भागांत पसरलेली जमीन पाहणाऱ्याला एकाच जातीची वाटते. दोन्हीकडची माती काळी आहे, पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन्हीकडे पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन उभे राहते आणि दोन्हींचे मूळ दख्खनच्या पठाराच्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात ती बव्हंशी नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या रूपात खोलवर साठली आहे, एवढाच वरवरचा फरक. तरीही पूर्णाकाठच्या मोठ्या भागाला खारपाण पट्टा म्हणतात, कारण तेथील विहिरींचे पाणी खारट असून ते ना पिण्याच्या कामाचे असते ना ओलिताच्या, आणि जमीन अनेक ठिकाणी चोपण झालेली असते. धामणगाव तालुका वर्धा नदीच्या खोऱ्यात येत असल्याने या पट्ट्याबाहेर राहिला आहे. या दोन जमिनींतील भेदाचा मोठा भाग सोडियम या एका मूलद्रव्याच्या कमीअधिक प्रमाणावर येऊन ठेपतो, आणि सोडियम जसा वागतो तसा का वागतो याचे उत्तर त्याच्या अणूतील सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनात सापडते. याच मातीखालचा खडक केव्हा जन्मला, हा दुसरा प्रश्न मात्र त्या इलेक्ट्रॉनला विचारून सुटत नाही; त्यासाठी पोटॅशियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याच्या केंद्रकापर्यंत उतरावे लागते. वर्तन बाहेरच्या इलेक्ट्रॉनकडे, ओळख आणि वय आतल्या केंद्रकाकडे, अशी ही कामाची वाटणी असून अणुरचनेचा अभ्यास म्हणजे बऱ्याच अंशी या वाटणीचा अभ्यास होय.

ज्याचे रासायनिक क्रियेने आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत अशा पदार्थाला मूलद्रव्य म्हणतात आणि मूलद्रव्याचे गुणधर्म ज्याच्यात टिकून राहतात अशा त्याच्या सर्वांत लहान कणाला अणू म्हणतात. काळ्या मातीच्या ढेकळात मुख्यतः ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये असतात, आणि त्यांतील कोणताही अणू घेतला तरी त्याची घडण तीनच प्रकारच्या कणांची असते. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धन विद्युतप्रभार असलेले प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन एकत्र बांधलेले असतात, आणि केंद्रकाबाहेरच्या अवकाशात ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन वावरतात. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे प्रभार विरुद्ध चिन्हांचे पण परिमाणाने अगदी सारखे असतात, त्यामुळे दोन्हींची संख्या समान असलेला अणू बाहेरून प्रभारहीन भासतो. वस्तुमानाच्या बाबतीत मात्र त्यांच्यात बरोबरी नाही, कारण प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो आणि न्यूट्रॉन प्रोटॉनहून किंचित जड असतो. म्हणून अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रकात असते.

हे चित्र एकाएकी तयार झाले नाही. जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अणू अविभाज्य मानला होता, आणि रसायनशास्त्राचे त्या शतकातील बहुतेक काम त्या समजुतीवर निभावलेही. केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये निर्वात नळीतील किरणांचा अभ्यास करून ते ऋण प्रभाराच्या, अणूपेक्षा कितीतरी हलक्या कणांचे बनलेले असतात असे दाखवले, तेव्हा अविभाज्यतेची कल्पना मोडली. त्यानंतर अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या मँचेस्टर येथील प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. अल्फा कण म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गट; तो तेव्हा किरणोत्सारी पदार्थांतून मिळत असे. बहुतेक कण पत्रा जणू नसल्यासारखे आरपार गेले, पण काही हजारांत एखादा कण उलटून मागे आला. धन प्रभार अणूभर पसरलेला असता तर इतका जोराचा धक्का कोठूनच मिळाला नसता, म्हणून रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये असा निष्कर्ष काढला की अणूचा धन प्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या अत्यंत लहान जागेत एकवटलेले असले पाहिजे. प्रोटॉनची ओळख त्यांनीच पुढे १९१९ च्या सुमारास पटवली, आणि प्रभार नसल्यामुळे बराच काळ हाती न लागलेला न्यूट्रॉन जेम्स चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. म्हणजे आज शाळकरी विद्यार्थी एका तासात शिकतो ती तीन कणांची यादी पूर्ण व्हायला थॉमसन यांच्यापासून पस्तीस वर्षे लागली.

अणूच्या आत रिकामी जागा किती असते याची कल्पना आकड्यांवरून सहसा येत नाही. अणूचा व्यास एका मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या आसपास असतो आणि केंद्रक त्याहून कित्येक हजार पटींनी लहान असते, असे सांगितले तरी दोन्ही मापे डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. सोडियमचा अणू फुगवून एक किलोमीटर व्यासाचा केला आणि त्याचा मध्य धामणगावच्या रेल्वे स्थानकावर ठेवला, तर गावाचा बराचसा भाग त्यात सामावेल, पण अणूचे केंद्रक फलाटावर पडलेल्या एखाद्या गावरान बोराएवढेच भरेल. उरलेल्या सगळ्या अवकाशात अकरा इलेक्ट्रॉन असतील.

हे अकरा इलेक्ट्रॉन त्या अवकाशात वाटेल तसे विखुरलेले नसतात. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडल्याप्रमाणे इलेक्ट्रॉनला काही ठरावीकच ऊर्जा धारण करता येतात, मधल्या कोणत्याही नाही. या ऊर्जांनुसार इलेक्ट्रॉनची कवचे कल्पिली जातात. बोर यांच्या चित्रात इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरलेल्या वर्तुळांवर फिरत असत. हे चित्र पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे आणि आरंभीच्या समजुतीला उपयोगीही आहे, परंतु एर्विन श्रोडिंगर यांच्या १९२६ मधील समीकरणानंतर शास्त्रज्ञांनी ते सोडून दिले. इलेक्ट्रॉन अमुक क्षणी अमुक ठिकाणी आहे असे सांगता येत नाही, तो कोठे किती संभाव्यतेने आढळेल एवढेच सांगता येते, आणि त्या संभाव्यतेचा पसारा केंद्रकाला वेढून असतो. या बारकाव्याचे महत्त्व पोटॅशियमच्या संदर्भात पुन्हा दिसेल. पहिल्या कवचात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. हलक्या मूलद्रव्यांत त्यापुढचे कवच आठ इलेक्ट्रॉनांनी आणि तिसरेही तूर्त आठांनी भरल्यासारखे होते. सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात, कारण दुसऱ्या अणूंशी संयोग करण्याचे काम त्यांच्याकडेच असते.

सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी दोन, आठ, एक अशी असते. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर असतो, आतल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोचते, आणि तो निघून गेला तर मागे आठांचे भरलेले स्थिर कवच उरते. म्हणून सोडियम तो फार सहज देऊन टाकतो. क्लोरिनची मांडणी दोन, आठ, सात अशी असल्याने त्याला एक इलेक्ट्रॉन हवाच असतो. देवाणघेवाण झाल्यावर सोडियमजवळ अकरा प्रोटॉन आणि दहाच इलेक्ट्रॉन राहतात, म्हणजे तो एक धन प्रभार असलेला धनायन होतो, आणि क्लोरिन एक ऋण प्रभार असलेला ऋणायन होतो. विद्युतप्रभार असलेल्या अशा अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतात. धातुरूप सोडियम पाण्यात टाकताच पेटण्याइतका उग्र असतो आणि क्लोरिन हा विषारी वायू असतो, पण दोघांचे आयन एकत्र आले की स्वयंपाकघरातले मीठ होते. केंद्रके जशीच्या तशी राहिलेली असतात, केवळ एका इलेक्ट्रॉनने जागा बदललेली असते. कॅल्शियमची मांडणी दोन, आठ, आठ, दोन असल्याने तो दोन इलेक्ट्रॉन देऊन दोन धन प्रभारांचा आयन होतो. एक आणि दोन यांतला हा फरक वऱ्हाडातील शेतीच्या दृष्टीने लहान नाही.

बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ४० ते ६० टक्के असते आणि त्यातील प्रमुख खनिज स्मेक्टाइट गटातले असते. या खनिजाचा कण म्हणजे अतिशय पातळ, जेमतेम एका मीटरच्या शंभर कोटीव्या भागाइतक्या जाडीच्या पापुद्र्यांची थप्पी असते. पापुद्र्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम हे ऑक्सिजनशी बांधलेले असतात, पण खनिज घडत असताना काही ठिकाणी तीन धन प्रभारांच्या ॲल्युमिनियमच्या जागी दोन प्रभारांचा मॅग्नेशियम बसतो. आकार जुळतो म्हणून रचना मोडत नाही, मात्र प्रभाराचा हिशेब जुळत नाही. एक धन प्रभार कमी पडतो आणि पापुद्र्यावर कायमचा ऋण प्रभार राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे आयन येऊन बसतात. ते रचनेत पक्के जडलेले नसल्याने मातीतल्या पाण्यातील दुसऱ्या आयनांशी त्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि पिकाला मिळणाऱ्या पोषणाचा मोठा भाग याच अदलाबदलीवर चालतो. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ते निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

कॅल्शियमचा आयन दोन प्रभारांच्या बळावर शेजारशेजारच्या पापुद्र्यांना जवळ धरून ठेवतो, त्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून रवाळ गोळे तयार होतात आणि गोळ्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी व हवा खेळते. सोडियमच्या आयनावर एकच प्रभार असतो, शिवाय तो स्वतःभोवती पाण्याच्या रेणूंचे जाड वेष्टण घेऊन वावरतो, त्यामुळे त्याची पापुद्र्यांवरची पकड सैल असते. पापुद्र्यांच्या मधल्या जागांवर सोडियमचे प्रमाण वाढले की ओल्या मातीतले कण सुटे होऊन विखुरतात, पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. वाळल्यावर हीच माती दगडासारखी कठीण होते. शेतकरी जिला चोपण म्हणतात ती जमीन अशी घडते. वरचा पाऊस आत मुरत नाही, आणि खालचे खारे पाणी उपसून दिले तर मातीत आणखी सोडियम भरला जातो.

पूर्णेच्या खोऱ्यात सोडियम वरचढ का ठरला, याचा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या अभ्यासकांनी लावलेला उलगडा रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठा रोचक आहे. कमी पावसाच्या कोरड्या हवामानात मातीतील पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने, म्हणजे चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने, घन होऊन बाजूला पडतो. द्रावणात कॅल्शियम उरत नाही आणि पापुद्र्यांवरच्या त्याच्या जागा सोडियमच्या वाट्याला जातात. येथे सोडियम बाहेरून येऊन लादला गेला असे म्हणण्यापेक्षा कॅल्शियम निघून गेला असे म्हणणे अधिक योग्य ठरते. त्यावरचा उपायही याच तर्काने चालतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, ज्याची स्थापना १९६९ मध्ये झाली, खारपाण पट्ट्यासाठी ज्या उपायांचा पुरस्कार करत आले आहे त्यांत शेततळ्यात गोडे पावसाचे पाणी साठवण्याबरोबर जिप्सम घालण्याचा समावेश आहे. जिप्सम म्हणजे पाण्याचे रेणू धारण केलेले कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात थोडे थोडे विरघळते, त्यातील कॅल्शियमचे आयन पापुद्र्यांवरच्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतात आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या जोडीने पाण्याबरोबर खाली वाहून जातो. पाण्याला निचऱ्याची वाट नसेल तर तो जागचा हलत नाही आणि जिप्समवरचा खर्च वाया जातो, हे मात्र पोत्यावर छापलेले नसते.

येथवरच्या सगळ्या विवेचनात केंद्रकाने काहीच केलेले नाही. इलेक्ट्रॉन गेले, आले, प्रभार बदलले, जमीन बिघडली आणि सुधारली, पण सोडियमच्या केंद्रकातले अकरा प्रोटॉन आणि बारा न्यूट्रॉन जागचे हलले नाहीत. केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येला अणुक्रमांक म्हणतात आणि मूलद्रव्याची ओळख तिच्यावरच ठरते: अकरा प्रोटॉन म्हणजे सोडियम, एकोणीस म्हणजे पोटॅशियम, मग इलेक्ट्रॉन कितीही असोत. ही गोष्ट आज उघड वाटते, पण दिमित्री मेंडेलीव यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली तेव्हा प्रोटॉन ठाऊकच नव्हता आणि मूलद्रव्ये मुख्यतः अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली गेली होती. पुढे १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी हवेतून आरगॉन हा वायू वेगळा काढला आणि या क्रमात अडचण उभी राहिली. आरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१० असल्यामुळे क्रम पाळायचा तर पोटॅशियम आधी आणि आरगॉन नंतर यायला हवा, पण तसे केले तर पाण्याशी झगडणारा पोटॅशियम कशाशीच संयोग न करणाऱ्या निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतो. हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांचे मापन करून खरा क्रम केंद्रकातील प्रभारावरून, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनांच्या संख्येवरून, लागतो हे दाखवले. आरगॉन अठरावा आणि पोटॅशियम एकोणिसावा हे त्यामुळे निश्चित झाले. दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या रणांगणावर सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला; विज्ञानाच्या इतिहासात इतके मोठे काम इतक्या थोड्या वयात करून गेलेली माणसे विरळाच.

क्रम सुटला, पण मुळात आरगॉन आपल्या पुढच्या मूलद्रव्याहून जड कसा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर समस्थानिकांमध्ये आहे. प्रोटॉन समान पण न्यूट्रॉन कमीअधिक असलेल्या एकाच मूलद्रव्याच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. समस्थानिकांचे इलेक्ट्रॉन सारखेच असल्याने त्यांचे रासायनिक वर्तनही जवळजवळ सारखे असते आणि फरक पडतो तो वस्तुमानात व केंद्रकाच्या स्थैर्यात. न्यूट्रॉनांचे केंद्रकातील काम याच संदर्भात कळते. सारख्या प्रभाराचे प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना एकत्र बांधणारे प्रबल आंतरक्रियेचे बल फार जवळच्या अंतरावरच चालते, आणि न्यूट्रॉन स्वतः कोणाला न ढकलता या बांधणाऱ्या बलात भर घालतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे प्रमाण बिघडले की केंद्रक अस्थिर होते आणि ठरावीक गतीने आपोआप बदलू लागते. या गुणधर्माला किरणोत्सारिता म्हणतात.

पोटॅशियमचे निसर्गात तीन समस्थानिक आढळतात. पोटॅशियम-३९ आणि पोटॅशियम-४१ हे दोन स्थिर आहेत, तर एकोणीस प्रोटॉन आणि एकवीस न्यूट्रॉन असलेला पोटॅशियम-४० किरणोत्सारी असून पोटॅशियमच्या दर साडेआठ हजार अणूंमागे जेमतेम एक इतके त्याचे प्रमाण आहे. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे असलेल्या अणूंपैकी निम्मे बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षांचा आहे. पृथ्वी सुमारे साडेचारशे कोटी वर्षांची असल्याने आरंभीच्या पोटॅशियम-४० पैकी जवळपास बारावा हिस्साच आज शिल्लक आहे. हे बदल कोठेतरी दूरच्या अणुभट्टीतच होतात असे समजण्याचे कारण नाही. पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रावरून आणलेल्या १०:२६:२६ खताच्या ५० किलोच्या पोत्यात पोटॅशचे प्रमाण २६ टक्के, म्हणजे सुमारे पावणेअकरा किलो पोटॅशियम असते, आणि पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ केंद्रके बदलत असल्याने त्या एका पोत्यात सेकंदाला तीन लाखांहून अधिक केंद्रकांचे रूपांतर चालू असते. आकडा मोठा वाटला तरी त्यात घाबरण्यासारखे काही नाही; प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियममध्येही दर सेकंदाला चार हजारांहून अधिक केंद्रके अशीच बदलत असतात, कारण पोटॅशियमवाचून मज्जातंतू आणि स्नायू काम करत नाहीत आणि शरीर त्याचे समस्थानिक निवडून घेऊ शकत नाही.

पोटॅशियम-४० दोन वाटांनी बदलतो. शंभरांतील सुमारे ८९ केंद्रकांत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि वीस प्रोटॉनांचा कॅल्शियम-४० तयार होतो. उरलेल्या सुमारे ११ केंद्रकांत उलटे घडते: अणूचाच एक आतला इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढला जातो, प्रोटॉनशी त्याचा संयोग होऊन न्यूट्रॉन बनतो, एक न्यूट्रिनो निसटतो आणि अठरा प्रोटॉनांचा आरगॉन-४० उरतो. इलेक्ट्रॉन ठरलेल्या वर्तुळावरच फिरत असता तर तो केंद्रकात पोचला कसा असता, हे बोर यांच्या चित्रातून सांगता येत नाही. संभाव्यतेच्या चित्रात मात्र आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागीही थोडासा असतोच. हवेत सुमारे ०.९३ टक्के आरगॉन असून त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक आरगॉन-४० आहे आणि तो खडकांतल्या पोटॅशियमपासून कोट्यवधी वर्षांत साचलेला आहे. ताऱ्यांत तयार होणारा आरगॉन मुख्यतः हलका, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ३६ कण असलेला असतो. पृथ्वीवरचा आरगॉन जड आहे तो पोटॅशियमचे अपत्य असल्यामुळे, आणि मेंडेलीव यांच्या सारणीतील अडचणही पृथ्वीच्या या स्वतःच्या इतिहासातूनच आलेली होती.

या रूपांतरांचा खोल अर्थ लावायचा तर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्याही आत जावे लागते. मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये सुचवल्याप्रमाणे हे दोन्ही कण क्वार्क नावाच्या मूलकणांचे बनलेले असतात. 'अप' क्वार्कवर दोन तृतीयांश धन प्रभार आणि 'डाउन' क्वार्कवर एक तृतीयांश ऋण प्रभार असतो. दोन अप आणि एक डाउन मिळून प्रोटॉन होतो, तर एक अप आणि दोन डाउन मिळून न्यूट्रॉन होतो. म्हणून न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणे म्हणजे एका डाउन क्वार्कचा अप होणे. इलेक्ट्रॉनला अशी आतली घडण असल्याचे आजवर आढळलेले नाही. न्यूट्रिनो हा जवळजवळ वजनहीन, प्रभारहीन कण पदार्थातून इतक्या सहज पार होतो की वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये कल्पिल्यानंतर तो प्रयोगात सापडायला १९५६ साल उजाडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या पथकाने १९६५ मध्ये कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात उत्पन्न झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा नोंदवल्या; हे काम जगातील या प्रकारच्या पहिल्या कामांपैकी होते.

आता पुन्हा खडकाच्या वयाकडे. आरगॉन कोणाशीही संयोग करत नाही, कारण त्याचे बाहेरचे कवच भरलेले असते. म्हणून लाव्हा वितळलेला असताना त्यातला आरगॉन निसटून जातो आणि थिजल्यानंतर तयार झालेला आरगॉन स्फटिकांमध्ये अडकून पडतो. खडकात पोटॅशियम किती आणि त्यापासून झालेला आरगॉन किती हे मोजले की खडक थिजून किती काळ लोटला ते कळते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा असल्याचे अशाच मापनांनी ठरले आहे. काम नाजूक आहे, कारण या बेसाल्टमध्ये पोटॅशियम बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, आणि एवढ्या काळात आरंभीच्या दर हजार पोटॅशियम-४० अणूंपैकी सुमारे छत्तीस बदलून त्यांतले जेमतेम चार आरगॉन झालेले असतात. मापन अचूक व्हावे म्हणून नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात. तेथे पोटॅशियम-३९ च्या काही केंद्रकांत एक न्यूट्रॉन शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडून आरगॉन-३९ तयार होतो. मग पोटॅशियम आणि आरगॉन वेगवेगळे मोजण्याऐवजी आरगॉनच्याच दोन समस्थानिकांचे गुणोत्तर एका यंत्रावर काढता येते. मुंबईत पवईच्या आयआयटीत ही पद्धत वापरली जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर याच बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि त्याच्या वयाचा वाद अणुरचनेच्या दृष्टीने उद्बोधक ठरतो. आघाताने वितळून काचेसारख्या झालेल्या दगडांवर आधी तापदीप्तीची पद्धत वापरली गेली. तिच्यात केंद्रके मोजत नाहीत, तर आसपासच्या किरणोत्सारामुळे जागचे सुटून घन पदार्थातील दोषांच्या सापळ्यांत अडकलेले इलेक्ट्रॉन मोजतात. नमुना तापवला की ते सुटतात आणि प्रकाश देतात. या मोजणीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. फ्रेड जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आरगॉनच्या समस्थानिकांवरून काढलेले वय ५ लाख ७० हजार वर्षे आले, त्यात ४७ हजार वर्षे इकडेतिकडे. दोन उत्तरांत दहा पटींहून अधिक अंतर पडले. सापळ्यातला इलेक्ट्रॉन कालांतराने निसटू शकतो आणि तसे झाले तर वय खरे आहे त्यापेक्षा कमी भरते; केंद्रकाच्या बदलावर ऊन, पाणी किंवा रासायनिक परिसर यांचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. अर्थात केंद्रकाची नोंद पक्की असली तरी ती वाचताना चूक होऊ शकते. आघाताच्या क्षणी दगड पुरेसा वितळला नसेल तर मूळ बेसाल्टमधला सहा कोटी वर्षांचा साचलेला आरगॉन काचेत तसाच राहतो आणि विवर आहे त्याहून म्हातारे भासते. जूर्दां यांच्या गटाला हा वारशाने आलेला आरगॉन वेगळा ओळखूनच वय काढावे लागले, आणि तेही अशा नमुन्यांवरून, ज्यांत गेल्या पावणेसहा लाख वर्षांत पोटॅशियम-४० च्या दर दहा लाख अणूंमागे केवळ तीस-पस्तीस अणूंचा आरगॉन झालेला होता.